पियानो उठून गेल्यावर

जॅझच्या छोट्या संचात सॅक्सोफोनमागे बहुतेक वेळा पियानो असतो. गवयामागे पेटी असते तसाच, पण एक मोठा फरक आहे. पेटीवाला गवयाच्या मागून जातो. गवई जाईल तिथे त्याने पोचायचं. पियानोवाला आधीच पुढे जाऊन बसलेला असतो. दोन-दोन, चार-चार मात्रांनी कॉर्ड बदलत तो रस्ता आखतो आणि सॅक्सोफोनवाल्याने कितीही वेगात, कितीही वळणं घेत जायचं ते त्याच रस्त्यावरून. १९४० च्या दशकात चार्ली पार्करने आल्टो सॅक्सोफोनवर हे अशा काही करामतीने केलं, की पुढची वीस वर्षं जगभरचे आल्टोवाले एक तर त्याच्यासारखं वाजवत होते किंवा त्याच्यासारखं वाजू नये म्हणून धडपडत होते.

जो हॅरियट हे दोन्ही करून चुकला होता. जन्म १५ जुलै १९२८ चा, जमैकातल्या किंग्स्टनचा. शिक्षण अल्फा बॉइज स्कूलमध्ये. कॅथलिक नन्सनी चालवलेली ही निराधार मुलांची शाळा तिच्या बँडसाठी प्रसिद्ध होती. जमैकाचं पुढचं निम्मं संगीत या एका शाळेच्या बँडमधून निघालं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही: ‘स्काटलाइट्स’ या गाजलेल्या संचातले डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक हेही तिथलेच. हॅरियट १९५१ साली एका बँडबरोबर लंडनला आला आणि तिथेच राहिला. पाचेक वर्षांत ब्रिटनमधल्या अव्वल आल्टोवाल्यांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. १९५८ मध्ये छातीच्या आजाराने तो बरेच दिवस रुग्णालयात पडून होता. तिथे पडल्या पडल्या त्याच्या डोक्यात वेगळंच काही शिजत होतं. आधी ठरवलेले कॉर्ड नकोत, एकच एक लय नको, वादकांनी एकमेकांचं ऐकत जागच्या जागी रचना उभी करावी. १९६० मध्ये त्याने ‘फ्री फॉर्म’ ही रेकॉर्ड केली, त्यानंतर ‘अॅब्स्ट्रॅक्ट’. अमेरिकेत त्याच सुमारास ऑर्नेट कोलमन याच दिशेने निघाला होता, आणि हॅरियटला आयुष्यभर ‘तुम्ही कोलमनचे अनुयायी का?’ हा प्रश्न झेलावा लागला. ‘अॅब्स्ट्रॅक्ट’ला अमेरिकेच्या ‘डाउनबीट’ मासिकाने पाचपैकी पाच तारे दिले. हे ब्रिटिश जॅझच्या वाट्याला सहसा न येणारं कौतुक होतं. पोट भरण्याच्या दृष्टीने मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही. १९६५ च्या सुमाराला त्याचा संच मोडला आणि ट्रम्पेटवाला शेक कीन जर्मनीत नोकरीला गेला. त्यानंतर हॅरियट गावोगावच्या क्लबांत एकटा जाऊन तिथल्या स्थानिक साथीदारांबरोबर वाजवू लागला.

इथे डेनिस प्रेस्टन या माणसाची ओळख करून द्यायला हवी. हा स्वतंत्र निर्माता. लंडनच्या हॉलंड पार्क भागातल्या लॅन्सडाउन स्टुडिओत तो आपल्या पैशाने ध्वनिमुद्रण करायचा आणि तयार माल मोठ्या कंपन्यांना द्यायचा. त्याने हॅरियटला जॉन मेयरबरोबर बसवलं. मेयर कोलकात्याचा, अँग्लो-इंडियन, लंडनच्या मोठ्या सिंफनी वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवलेला, रचनाकार. दोघांनी मिळून दुहेरी पंचक उभं केलं: पाच वादक जॅझचे, पाच भारतीय बाजूचे. ‘इंडो-जॅझ स्वीट’ ही त्यांची पहिली रेकॉर्ड १९६६ ची. तिच्यात एका भागाचं नाव ‘राग मेघ’, दुसऱ्याचं ‘राग गौड सारंग’. सतारीवर दिवाण मोतिहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर आणि तबल्यावर केशव साठे. साठे मूळ मुंबईचे. पन्नाशीच्या दशकात ते लंडनला गेले आणि पुढची वीसेक वर्षं तिथल्या भारतीय-पाश्चात्त्य प्रयोगांत तबला लागला की बहुधा त्यांनाच बोलावणं यायचं. महाराष्ट्रात त्यांचं नाव फारसं कुणाच्या कानावर नाही.

या संचाची मला कदर आहे, पण त्याच्या रेकॉर्डी मी हौसेने काढून ऐकतो असं नाही. मेयरने सगळं नीट लिहून दिलं होतं. रागाचे स्वर घेऊन मुखडे बांधलेले, कुणी कुठे यायचं, कुठे थांबायचं ते कागदावर. सतारीचा तुकडा झाला की ट्रम्पेटचा, तबला थांबला की ड्रम सुरू. एकाच मांडवात दोन लग्नं लागावीत आणि दोन्हीकडच्या वऱ्हाड्यांनी एकमेकांना आग्रहाने ‘आधी तुम्ही’ म्हणत राहावं, तसं वाटतं. हॅरियटला जिथे सलग वाजवायला मिळतं तिथे रेकॉर्ड एकदम जिवंत होते. मग त्याची पाळी संपते. तरी या संचात तो एक गोष्ट शिकला आणि ती पुढे कामाला आली. कॉर्डचा रस्ता नसताना, एकाच स्वरसमूहात दहा-दहा मिनिटं तग धरायचं. आपल्याला यात नवल वाटत नाही, कारण आपलं सगळं रागसंगीत तेच करतं. पण पार्करच्या शाळेत तयार झालेल्या माणसाला ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. माइल्स डेव्हिसने १९५९ साली ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये हा दरवाजा उघडला होता, आणि सॅक्सोफोनवाला कोल्ट्रेन तर त्यातून थेट रविशंकरांपर्यंत पोचला, आपल्या एका मुलाचं नावही त्याने रवी ठेवलं.

अमान्सियो डिसिल्वाकडे कोणताही मेयर नव्हता, म्हणजे रागाची कागदावरची मांडणी करून देणारं कुणी नव्हतं. जन्म १९३६ चा, मुंबईतला, घराणं गोव्याचं. गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवण्याची प्रथा पोर्तुगीज काळापासून होती. तिथून तयार झालेले वादक पिढ्यान् पिढ्या मुंबईत उतरले: हॉटेलांच्या बँडमध्ये, मूकपटांच्या वाद्यवृंदांत आणि पुढे हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत. नौशादपासून शंकर-जयकिशनपर्यंत ज्या गाण्यांमागे चाळीस-पन्नास वादक एकसुरात वाजताना ऐकू येतात, त्यांतले कितीतरी गोवेकर. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही नावं आता थोडी तरी ठाऊक झाली आहेत. मुंबईचं जॅझ याच लोकांनी जगवलं. दिवसा रेकॉर्डिंग, रात्री हॉटेल. अमान्सियो या जगात वाढलेला गिटारवाला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी त्याचं वादन हेरलं आणि त्याला आश्रय दिला. त्याच्या रचनांत ‘जयपूर’ आणि ‘महाराणी’ अशी नावं दिसतात ती त्यामुळे. १९६७ मध्ये तो लंडनला गेला. दोनच वर्षांत, १९६९ मध्ये, प्रेस्टनने त्याच्या नावावर ‘इंटिग्रेशन’ ही रेकॉर्ड काढली, आणि त्याच वर्षी हॅरियटबरोबरची ‘हम दोनो’.

नाव वाचून देव आनंदचा १९६१ चा सिनेमा आठवणार हे उघड आहे. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं की आत कुठेतरी त्या सिनेमाचे संगीतकार जयदेव यांची एखादी चाल निघेल. तसं काही नाही.

संच कोण होता ते पाहू. मुखपृष्ठावर जो हॅरियट – अमान्सियो डिसिल्वा क्वार्टेट असं दोघांच्या नावाने लिहिलेलं आहे, पण बहुतेक रचना अमान्सियोच्या आणि संचाचा कणाही त्याची गिटार. डबल बासवर डेव्ह ग्रीन, ड्रम्सवर ब्रायन स्प्रिंग. दोघेही तेव्हा पंचविशीच्या आसपासचे. (ग्रीनचा लहानपणचा शेजारी म्हणजे चार्ली वॉट्स, जो पुढे रोलिंग स्टोन्सचा ड्रमर झाला.) चौघांच्या जोडीला पाहुणे दोन: ट्रम्पेटवर इयन कार आणि शब्दांशिवाय गाणारी नॉर्मा विनस्टोन. पियानो नाही. सतार नाही, तबला नाही, तंबोरा नाही. भारत म्हणून जे काही आहे ते एका माणसाच्या बोटांत आहे.

सॅक्सोफोन आणि गिटार यांनी पियानोशिवाय एकत्र वाजवायचा प्रयोग तेव्हा नवा नव्हता. अमेरिकेत जिमी जुफ्रीने तो केला होता. पॉल डेसमंडने जिम हॉलबरोबर केला, आणि सनी रोलिन्स दोन वर्षांची सुट्टी संपवून परतला तेव्हा १९६२ च्या ‘द ब्रिज’मध्ये त्याच जिम हॉलला त्याने सोबत घेतलं. स्टॅन गेट्झने गिटारवाल्या चार्ली बर्डबरोबर १९६२ मध्येच वॉशिंग्टनच्या एका चर्चच्या सभागृहात ‘जॅझ सांबा’ ध्वनिमुद्रित केली. ती तर पुढच्या वर्षी अमेरिकेच्या लोकप्रिय रेकॉर्डींच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. सगळ्यांचा अनुभव साधारण एकच: दहा बोटांच्या जागी सहा तारा आल्या की वाऱ्याला जागा मिळते. पियानोवाला मनात आणलं तर खर्जापासून तारसप्तकापर्यंतची सगळी पट्टी भरून टाकू शकतो. गिटारवाल्याच्या हातात एका वेळी चार-पाच सूर, आणि तेही छेडल्याबरोबर विरू लागतात. सॅक्सोफोनचा सूर मात्र श्वास असेपर्यंत टिकतो. एकाचं विरणं आणि दुसऱ्याचं टिकणं यामुळे दोघे एकाच सप्तकात फिरत असले तरी एकमेकांच्या पायात येत नाहीत.

‘हम दोनो’त आणखी एक गोष्ट भर घालते: मींड. पियानोवर पांढरी एक दाबली की पांढरी एकच वाजणार. तिच्यातून पांढरी दोनकडे घसरत जायची सोय त्या वाद्यात नाही. आपल्याकडे हाच मुद्दा पेटीवर घेतला गेला आणि १९४० साली रेडिओने पेटीला बंदी घातली, ती तीस वर्षं टिकली. आल्टोवाला ओठांचा दाब सैल करून सूर खाली ओघळू देतो, गळा आवळून वर चढवतो. हॅरियटचा हा हातखंडा होता; त्याचा नाद धारदार, किंचित आंबटसर, आणि लांब सुराच्या शेवटी तो सूर नेहमी थोडा कलता सोडतो. गिटारवर हेच तार पडद्यावर आडवी ओढून करायचं. पण जॅझ गिटारच्या तारा जाड असतात. सतारीवर चार-पाच सुरांची मींड एका पडद्यावर निघते. इथे एखादा अर्धा सूर निघाला तरी बोटं दुखतात. म्हणून अमान्सियो बऱ्याचदा बोट न उचलता एका पडद्यावरून पुढच्या पडद्यावर सरकतो. कान देऊन ऐकलं तर ते घासणं ऐकूही येतं. पियानोच्या पायऱ्यांवर ही दोन्ही वाद्यं बेसूर वाटली असती. इथे घसरगुंडीला घसरगुंडीची साथ आहे.

एक व्यावहारिक अडचणही सांगतो, कारण तिच्याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. आल्टो सॅक्सोफोन आणि गिटार यांचं पट्ट्यांच्या बाबतीत जमत नाही. आल्टोवाला कागदावरचा ‘सी’ वाजवतो तेव्हा बाहेर पडते काळी दोन. त्याच्या सोयीच्या पट्ट्या या काळी दोनच्या आसपासच्या. गिटारच्या सहा मोकळ्या तारा मात्र जाडीकडून पातळ तारेकडे अशा: पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा पांढरी तीन. काळी दोनच्या पट्टीत यांतल्या जेमतेम दोन तारा सुरात बसतात. उलट पांढरी तीनची पट्टी घेतली तर गिटारवाला निवांत, जाड तारेचा खर्ज तंबोऱ्यासारखा गुंजत ठेवू शकतो. पण तीच पट्टी आल्टोवाल्याच्या कागदावर सात शार्प घेऊन येते (किंवा लिहिणाऱ्याने थोडी दया दाखवली तर पाच फ्लॅट). म्हणजे मोकळ्या तारेचा आस धरायचा की सॅक्सोफोनवाल्याच्या बोटांना आराम द्यायचा, यात दर रचनेला कुणीतरी पडतं घेणं आलं. राग बांधताना षड्ज कुठे ठेवायचा हा प्रश्न गवई आणि साथीदार यांच्यात असतोच; इथे दोन्ही बाजू वाद्यंच, आणि दोन्हींचा हट्ट लोखंडी-पितळी. त्यावर दोघांनी कशी मात केली याचा पत्ता ऐकणाऱ्याला लागत नाही, यातच त्यांची तयारी दिसते.

आता रचना. सुरुवात ‘स्टेफानोज डान्स’ने. हे नाव अमान्सियोच्या मुलाचं. चाल तुरतुरीत, गिटार आणि सॅक्सोफोन मुखडा जोडीने घेतात आणि त्यात विनस्टोनचा आवाज मिसळतो. तिच्या गाण्याला शब्द नाहीत, सरळ आकार. आपल्या कानाला यात काही विचित्र वाटण्याचं कारण नाही, तिकडे मात्र ते नवं होतं. तिच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी हे एक. पुढे ती युरोपातली नावाजलेली गायिका झाली. ती या संचात गायिका म्हणून पुढे उभी राहत नाही, तिसरं फुंकवाद्य म्हणून वावरते.

‘बॅलड फॉर गोवा’ संथ आहे. इथे गोव्याचा मांडो शोधायला जाणाऱ्याची निराशा होईल: घुमट नाही, दुलपदाकडे वळणारी लय नाही. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेल्यावर गोव्यावर बाहेर राहणाऱ्या गोवेकरांनी पुष्कळ हळवं लिहिलं आणि गायलं. अमान्सियोच्या चालीत हळवेपणा आहे, पण तो ताब्यात ठेवलेला. माझ्या मते हॅरियटने आयुष्यात वाजवलेल्या सर्वांत संयमी वादनात याची गणना व्हावी. हाच माणूस वेगाच्या रचनांत श्वास संपेपर्यंत सूर फेकत राहतो. इथे तो दोन सुरांमध्ये थांबतो आणि गिटारला ती जागा भरायची की रिकामी ठेवायची ते ठरवू देतो. जिथे ती रिकामी राहते तिथे डेव्ह ग्रीनचा बास ऐका.

‘स्प्रिंग लो, स्वीट हॅरियट’ हे नाव म्हणजे एका जुन्या निग्रो भजनाच्या नावावर केलेली कोटी, ड्रमर आणि सॅक्सोफोनवाला या दोघांची आडनावं घालून. इथे १९६० चा, ‘फ्री फॉर्म’चा हॅरियट परत येतो. फरक असा, की तेव्हा तो काहीतरी सिद्ध करायला निघाला होता.

या दोघांची मैत्री कशी होती, स्टुडिओत कोण काय बोललं, यावर रंगवून लिहायचा मोह होतो, पण रेकॉर्डमध्ये जे आहे तेवढंच पुरेसं बोलतं. एक किंग्स्टनचा, एक मुंबईचा. दोघांच्याही संगीतामागे चर्चची शिस्त, एकाच्या मागे नन्सची शाळा, दुसऱ्याच्या समाजामागे पॅरिश शाळा. दोघेही साम्राज्याच्या कडेवरून राजधानीत आलेले. मेयरच्या संचात भारतीय वादकांवर भारत दाखवण्याची जबाबदारी होती आणि हॅरियटवर जॅझ दाखवण्याची. अमान्सियो भारतीय होता आणि जॅझवालाही, एकाच वेळी, रोजच्या रोज. त्याला दाखवायचं काही नव्हतं. हॅरियटलाही मग दाखवायचं काही उरलं नाही. मला वाटतं ‘इंडो-जॅझ’ या शब्दात जे अपेक्षित होतं ते या शब्दाखाली निघालेल्या रेकॉर्डींपेक्षा इथे जास्त घडलं, आणि दहा माणसांऐवजी चौघांत घडलं.

विक्रीचं म्हणाल तर ती फारशी झाली नाही. ती वर्षं रॉकची होती. इयन कारने स्वतःच १९६९ मध्ये ‘न्यूक्लियस’ हा जॅझ-रॉक संच काढला आणि पुढे माइल्स डेव्हिसचं चरित्र लिहून लेखक म्हणूनही नाव कमावलं. हॅरियटच्या नावावरची ही जवळजवळ शेवटची महत्त्वाची रेकॉर्ड. पैसा नव्हता, तब्येत ढासळत गेली. २ जानेवारी १९७३ रोजी साउदॅम्प्टनमध्ये कर्करोगाने तो गेला, वय ४४. अमान्सियो वाजवत राहिला. १९७२ मध्ये ‘कॉस्मिक आय’ या नावाच्या संचाची ‘ड्रीम सीक्वेन्स’ ही रेकॉर्ड निघाली. तिच्यात त्याच्याबरोबर व्हायोलिनवर जॉन मेयर आणि तबल्यावर केशव साठे आहेत, म्हणजे जुनी काही मंडळी फिरून एका स्टुडिओत जमली. त्याच सुमाराला केलेली ‘कोंकण डान्स’ मात्र डब्यातच पडून राहिली आणि प्रसिद्ध झाली ती २००६ मध्ये. तोवर अमान्सियोला जाऊन दहा वर्षं झाली होती. ‘हम दोनो’ची मूळ तबकडी मधल्या काळात संग्राहकांच्या लिलावांत चढ्या भावाने फिरत होती, २०१५ साली ट्रंक रेकॉर्ड्स या छोट्या ब्रिटिश कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा कुठे साध्या श्रोत्याला ऐकायला मिळू लागली.

ज्यांना ऐकायची आहे त्यांनी आधी ‘इंडो-जॅझ स्वीट’मधला मेघ ऐकावा आणि मग ‘बॅलड फॉर गोवा’. दोन्हीकडे सॅक्सोफोनवाला तोच आहे. मेघात तो सुरू होण्यापूर्वी किती वेळ गप्प असतो ते लक्षात ठेवा.

आल्टो आणि गिटार ही जोडी भारतीय संगीताच्या अंगाने पुन्हा जमायला बरीच वर्षं गेली. भारतीय वंशाचा अमेरिकन आल्टोवाला रुद्रेश महंतप्पा आणि कराचीत जन्मलेला गिटारवाला रेझ अब्बासी यांनी ‘इंडो-पाक कोअलिशन’ हा तिघांचा संच काढला. त्यांची पहिली रेकॉर्ड ‘अप्ती’ २००८ ची. तिच्यात तबला परत आला आहे, पण तो डॅन वाइस या न्यूयॉर्कच्या ड्रमरच्या हातात. भारतीय गुरूकडे रीतसर शिकलेला. २०१७ च्या ‘अग्रिमा’मध्ये त्याने तबला आणि ड्रम एकाच बैठकीत वाजवायला घेतले. ते कसं, हे पुढच्या प्रकरणात.